फळा कुणी पळवला?

"चोरानं झाकण परत घातलं?" भामाबाई विभूतेंनी चहाची बशी खाली ठेवली. "पुन्हा सांगा बरं."

कपिल गाडेनं पुन्हा सांगितलं. समोर बसलेली बाई मूळची आटपाडीची. पोलीस खातं सोडून सांगलीत खाजगी तपासाचं दुकान थाटलेलं. दुकान म्हणजे एक टेबल आणि धनाजी. धनाजी अंगानं पैलवान, स्कूटर झकास हाकायचा. डोक्याचं काम मात्र बाईंकडं.

गोष्ट १९९९ची. कपिल, कुणाल, अक्षता आणि भाऊसो या चौघांनी दोन वर्षं खपून एक प्रोग्राम रचला होता. नाव ‘फळा’. संगणकाची भाषा येत नसली तरी चालेल. मजकूर टाइप करायचा, बटण दाबायचं, वेबसाइटचं पान तयार! येत्या महिन्यात तो आतल्या कोडसकट इंटरनेटवर ठेवायचा होता. कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा.

"म्हंजी फुकट?" धनाजीनं विचारलं.

"फुकट."

"आन त्येच चोरलं? येडा दिसतोय गड्या चोर!"

सांगलीच्या विश्रामबागेत भाऊसोंचा कॉम्प्युटर क्लास होता; फळाचं काम तिथल्याच एका मशीनवर चालायचं. मंगळवारी क्लास बंद, त्यामुळे कपिल मिरजेला गेलेला. संध्याकाळी परतला, तर दाराची कडी उचकटलेली. तेवढ्यात गल्लीत लाइट आली आणि आत मशीनचा पंखा आपोआप घरघरला. कापडी झाकणाखाली पडदा उजळला. डिस्क सापडत नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं. चोरानं स्क्रू काढून डिस्क अलगद नेली होती. कपाटात जुन्या फ्लॉप्या तेवढ्या उरल्या. गेल्या सहा महिन्यांचं सगळं काम त्या डिस्कमध्ये होतं.

"आणि खोलीला चुना चालू आहे," कपिल म्हणाला. "फरशीवर पावलं उठलीत. अनवाणी."

भामाबाई हसल्या. "चोरी करायला आला आणि चपला बाहेर काढल्या! गुणी लेकरू हाय."

क्लासचा नियमच होता तो: चपला बाहेर, काम झालं की मशीनवर झाकण. म्हणजे चोर घरचाच.

भामाबाईंनी एकेकाला गाठलं. भाऊसो तर भडकलेच. "माझा क्लास, माझी किल्ली, आणि मी माझीच कडी तोडू? आवं, मंगळवारी दिवसभर आमच्या गल्लीत लाइटच नसते, म्हणून तर क्लासला सुट्टी देतो. मी रानात होतो."

मागच्या गल्लीत होस्टेलवर राहणारी अक्षता रडकुंडीला आली होती. "मंगळवारी पंखा नाही, काही नाही. नेहमीसारखी गच्चीवर वाचत बसले होते. मला कोणी पाहिलं नाही, पण मी कशाला चोरू? माझंही काम त्यात आहे ना!"

राहिला कुणाल. तो साताऱ्यात नोकरीला होता आणि दर रविवारी एसटीनं सांगलीला यायचा. भामाबाई कपिलला घेऊन साताऱ्याला गेल्या. कुणालनं मित्राला मिठीच मारली. दोघं उंब्रजचे, एकाच बुद्धविहारात अभ्यास करून वाढलेले. कपिलला तेवढ्यानंच भरून आलं.

"मंगळवारी मी इथंच होतो, बाई," कुणाल म्हणाला. "तुमची सुट्टी ना तेव्हा? भाऊसोंचा कसला तरी उपवास असतो वाटतं. मी आपला रविवारचा पाहुणा, मला काय ठाऊक!"

परतताना कपिल म्हणाला, "त्याला उगाच त्रास दिला."

रविवारी दुपारी चौघंही क्लासमध्ये जमले.

"मला तर भाऊसोच वाटत्यात," धनाजी कुजबुजला.

"गप रं." भामाबाई मशीनपाशी उभ्या राहिल्या. "चोर घरचा, हे पावलांनी सांगितलं. पण मला एक कोडं पडलं. त्याला आतलं काम हवं होतं, तर नक्कल करून न्यायची. काय गेलं याचा कुणाला पत्तासुद्धा लागला नसता. अख्खी डिस्क कशाला उपसली?"

"नासधूस करायची असंल," धनाजी म्हणाला.

"मग फ्लॉप्या ठेवल्या असत्या व्हय? स्क्रू जपून काढले असते? न्हाई. तो नक्कल करायलाच आला होता. कडी तोडून आत शिरला, भिंतीवरचं बटण दाबलं, मशीनचं दाबलं. मशीन ढिम्म! लाइटच नव्हती. थांबायची सोय नाही, मग डिस्क उचलली. गडबडीत बटणं तशीच राहिली, म्हणून संध्याकाळी लाइट आल्यावर मशीन आपणहून उठलं."

अक्षता चमकून म्हणाली, "पण मंगळवारी लाइट नसते हे तर..."

"तुला माहीत. भाऊसोंना माहीत. कपिलला माहीत." भामाबाई वळल्या. "एकाला मंगळवारची सुट्टी तेवढी माहीत होती; सगळ्यांदेखत नक्कल नको, म्हणून त्यानं तो दिवस धरला. ती का असते, हे माहीत नव्हतं. त्याला उपवास वाटला."

कपिलनं कुणालकडे बघितलं. नाही म्हण, त्याच्या मनात आलं. लेका, एकदा नाही म्हण! कुणालनं पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली.

"कुठंय?" कपिलचा आवाज फाटला.

"पिशवीत. इथनं थेट पुण्याला जाऊन उद्या द्यायचीय. एक कंपनी मला घेतेय, फळा त्यांच्या नावावर करून."

"अरे, महिन्याभरात फुकटच मिळाला असता की त्यांना!"

"फुकट मिळाल्यावर मला कशाला घेतील?" कुणाल ओरडला. "तुला जगाला वाटायचंय. मला आयुष्यात एकदा तरी बरी नोकरी हवी होती, कप्या."

"मग बोलायचं होतंस! मी थांबलो असतो रे. तुझ्यासाठी वर्षभर थांबलो असतो. मिठी मारलीस तेव्हा डिस्क घरातच होती ना?"

कुणालनं होकाराची मान हलवली.

कपिलनं पिशवीतून डिस्क काढून मशीनमध्ये बसवली. स्क्रूही त्यानंच पिळले. अक्षतानं फोनची लाइन जोडली.

"आज नको टाकूस," कुणाल गयावया करू लागला. "माझी नोकरी जाईल."

कपिलनं कोड इंटरनेटवर चढवायला घेतला. बनवणाऱ्यांच्या नावांपाशी तो थांबला. भाऊसो म्हणाले, "कुणालचं नाव खोड."

"नाही. काम त्यानं केलंय, नाव राहू दे." कपिलनं बटण दाबलं आणि मागं न बघता म्हणाला, "कुणाल, पाचची एसटी आहे. आणि पुढच्या रविवारी येऊ नकोस."