टकळीच्या प्रश्नांची वही

पालकसभेला पालक येतात, अशी बाईंची आपली समजूत होती. त्या दिवशी मात्र सभा निम्मी झाल्यावर दार ढकलून एक उंच माणूस आत आला, पुढच्या रांगेतल्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला आणि म्हणाला, ‘‘मी मामा.’’

‘‘कुणाचे?’’

‘‘इथं? फक्त टकळीचा.’’

सगळी सभा हसली. बाई हसल्या नाहीत. हुशार मुलांच्या विशेष वर्गाची निवड त्यांच्याकडे होती, आणि निवड करणाऱ्यानं हसतानासुद्धा जपून असावं लागतं. टकळी ही तिसरीतली मुलगी. तोंड सदा चालू, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. वडील परगावी नोकरीला. आई नर्स, तिची ड्यूटी आयत्या वेळी बदलली, म्हणून तिनं धाकट्या भावाला शाळेत पिटाळलं होतं. हा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा.

बाईंनी पुढे सुरू केलं. या वर्गाकडून घरच्यांनी काय अपेक्षा ठेवायची, ते त्या दरवर्षी सांगत. अभ्यास वाढणार नाही, अवघड होईल. आजवर पहिलं येणारं मूल इथं सातवं येईल आणि घरी येऊन दप्तर आपटेल. पहिले तीन महिने रडारड. ‘‘आणि कृपा करून पाहुण्यांसमोर त्याच्या हुशारीचा खेळ लावू नका.’’

‘‘हुशार असून भाजी खात नसेल तर?’’ मामानं विचारलं.

‘‘ते आमच्या वर्गात येत नाही.’’

‘‘वाटलंच. कामाचं तेवढं वगळलेलं असतं.’’

या वेळी बाईंना फळ्याकडे वळावं लागलं. वळून त्यांनी उगाचच एक रेघ पुसली.

मग नियम. मुलं चाळीस, जागा बारा. तीन मंगळवार प्रत्येक मुलानं तासभर बाईंजवळ बसायचं. घरच्यांनी एक वही करायची आणि मूल विचारेल तो प्रश्न जसाच्या तसा तीत लिहायचा. सुधारायचा नाही, गाळायचा नाही. वही निवडसमितीतले सगळे वाचणार. शेवटचा नियम असा, की निवड करणाऱ्या शिक्षकाचा मुलाच्या घराशी जवळचा संबंध असता कामा नये. असला तर ती फाईल गणिताच्या सरांकडे जाईल, आणि मूल निवडलं गेलं तर वर्गही. गणिताचे सर कुणालाच पटकन चांगलं म्हणत नसत.

पहिल्या मंगळवारी टकळीला सोडायला मामाच आला. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. तासभर तो व्हरांड्यात थांबला. दुसऱ्या मंगळवारीही तोच थाट. बाहेर बारीक पाऊस होता, आणि टकळी आत कोडं सोडवत बसली होती.

‘‘तुमचा चष्मा डावीकडे झुकलाय, बाई.’’

‘‘माझा डावा कान खाली आहे.’’

‘‘कान बरोबर आहे. मी बघितलाय ना...’’ तो अडखळला. ‘‘म्हणजे — धंद्याच्या नजरेनं.’’

‘‘मग धंद्याच्या नजरेनं सरळ करा.’’

त्यानं चष्मा घेतला, काडी बोटांनी हलकेच वाकवली आणि परत दिला. तेवढा वेळ बाईंना तो अंधूक दिसत होता, आणि तरी त्यांच्या मनात आलं, किती छान दिसतो हा! मग त्यांनी स्वतःला दटावलं. चाळीस मुलांतली एक याची भाची आहे. आणि ज्याला शिपायापासून सगळे मामा म्हणतात, त्याच्यासाठी जीव खालीवर व्हावा म्हणजे काय!

तिसऱ्या मंगळवारी तो आला तेव्हा शर्ट चुरगळलेला होता, गालांवर आठवडाभराचे खुंट. बाईंना दारात पाहून तो जागच्या जागी थबकला.

‘‘तुम्ही... आहात?’’

‘‘नसायला काय झालं?’’

त्यानं टकळीकडे पाहिलं. टकळी छताकडे पाहत होती.

‘‘ही वही आजच द्यायला हवी का?’’

‘‘आज शेवटचा दिवस.’’

वही हातात ठेवून तो घाईनं सटकला. मी नसेन अशा बेतानं आला होता तर, त्यांना वाटलं. बरं झालं, वेळीच कळलं! पण बरं वगैरे काही झालं नव्हतं. चांगलंच लागलं होतं.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी वही उघडली. पहिली पानं चाळीस वह्यांत असतात तशी होती. शेवटची चार तशी नव्हती.

‘मामा, तू मंगळवारीच दाढी का करतोस?’

‘शाळेत जायचं म्हणून, तर मग पालकसभेला का नव्हती केलीस?’

‘इस्त्रीचा शर्ट शाळेसाठी, की बाईंसाठी? दोन्ही एकाच जागी असतात, मग वेगळं कसं तपासायचं?’

आणि सोमवारचा: ‘मामा, उद्या बाई रजेवर आहेत. मग उद्या तू कुठला शर्ट घालशील?’

बाईंनी वही मिटली. कान तापले होते. भाचीनं मामाला चक्क मामा बनवलं होतं! आणि त्यानं, चोरानं आपल्याच हातानं कबुलीजबाब लिहावा तसं, सगळं स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं.

पण खरी पंचाईत पुढे होती. चार पानं फाडली, तर कुणाला काही कळणार नव्हतं. फाईल त्यांच्याकडे राहणार, वर्गही त्यांचाच. फक्त टकळी उरलेल्या पानांवर बाराजणांत बसत नव्हती. अशी पद्धतशीर परीक्षा घेणारं मूल बाईंना सहा वर्षांत भेटलं नव्हतं, आणि तिच्या हुशारीचा सगळा पुरावा त्या चार पानांत होता.

त्या वही घेऊन मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मोठ्या बाईंनी चारही पानं वाचली.

‘‘हे त्याच्याबद्दल झालं. तुझं काय?’’

‘‘मला त्यांच्याविषयी... मत आहे.’’

‘‘चांगलं मत?’’

‘‘निवड करू नये इतकं चांगलं.’’

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘फाईल सरांकडे देते. पण ऐक, पोरगी निवडली गेली, तर यंदाचा वर्ग तुला मिळायचा नाही. तू पहिलीला जाशील.’’

सहा वर्षं एकेक कोडं जमवून उभा केलेला वर्ग! ‘‘चालेल,’’ बाई म्हणाल्या, आणि घरी जाऊन भरपूर रडल्या.

आठवड्यानं यादी लागली. टकळी नववी. संध्याकाळी बाई चष्म्याच्या दुकानात गेल्या. मामा घाईघाईनं उठला. ताईनं नुकतीच आणून दिलेली बातमी त्याच्या तोंडावर अजून होती, पण आनंद अर्धाच दिसत होता.

‘‘सर ताईला म्हणाले, तुमची फाईल बाईंनी सोडली. माझ्यामुळे ना? मी ती पानं लिहायला नको होती. पण गाळली असती, तर पोरीवर अन्याय झाला असता.’’

‘‘मीही तेवढ्यासाठीच फाडली नाहीत.’’

‘‘आणि तुमचा वर्ग?’’

‘‘गेला. उद्यापासून पहिली. शेंबूड पुसायचा.’’

‘‘वाईट वाटतंय?’’

‘‘खूप,’’ बाई म्हणाल्या. ‘‘राग आलाय, रडूनही झालंय. आणि इतकं सगळं करून मी काय केलं, तर इथं आले. आता तुम्ही गप्प राहिलात ना, तर मात्र मी खरंच चिडेन.’’

मामाच्या हातातली काच टेबलावर आपटली. सुदैवानं फुटली नाही.

‘‘तुम्ही मला आवडता,’’ तो एका दमात म्हणाला. ‘‘फार आवडता. वर्ग गेला त्याची भरपाई माझ्यानं होणार नाही, पण... मी आहे.’’

‘‘तेच ऐकायला आले होते,’’ बाई म्हणाल्या. डोळे भरून आले, म्हणून त्यांनी चष्मा काढला. ‘‘मलाही तुम्ही आवडता.’’

दुकानात एकच स्टूल होतं. त्यानं ते हातानं झटकलं, पुढे सरकवलं, आणि ‘बसा’ म्हणता म्हणता थांबला.

‘‘बस ना,’’ तो म्हणाला.

ती बसली.