रमण्यातली धार

रमण्यातून औंढ्याकडं जाणारी पायवाट आता झाडोऱ्यात बुजली आहे. आमच्या तरुणपणी ती धड होती. निजामाचं राज्य होतं. कुण्या जहागीरदारानं शिकारीसाठी तो माळ रमणा म्हणून राखून ठेवला, तेव्हा आतली वस्ती उठवली होती. घरं पडली. गोठे, खळी आणि एक मोडकं हेमाडपंती देऊळ तेवढं राहिलं.

शेजारच्या कादरची गाय एकदा त्या रमण्यात शिरली आणि संध्याकाळी परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शोधायला निघालो. गाय आणायलाच हवी होती. कादरची बायको जाहेदा बाळंतपणात गेली होती आणि मागं राहिलेली तान्ही पोरगी त्या गाईच्या दुधावर तगून होती. आम्ही निघालो तेव्हा कादरची आई, शरीफाबी, रडणाऱ्या पोरीला साखरपाण्याचं बोट चाटवत बसली होती.

आभाळ दाटलेलं, पण पाऊस नव्हता. देवळाचे खांब आडवे पडले होते, त्यांच्यावरचं शेवाळ वाळून काळं झालं होतं. खुरांचे ठसे त्यांच्यामधून पुढं गेलेले. कादर पुढं, मी मागं. रानात पाखरूसुद्धा नव्हतं. खळं लागलं, मग पडकी विहीर, आणि विहिरीपलीकडं दगडी गोठा. तिथं मला ताज्या शेणाचा अन् ओल्या कडब्याचा वास आला. पुष्कळ जनावरं बांधलेल्या गोठ्याला येतो तसा, ऊबदार.

मग आवाज आला. भांड्यात दुधाची धार पडत होती.

आम्ही दारातून पाहिलं. आतल्या अंधारात कादरची गाय उभी होती आणि तिच्याजवळ डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पाठमोरी बसली होती. कादरनं विचारलं, तू कोण, इथं काय करून राहिलीस. तिनं मान वळवली नाही.

"हळू बोला," ती म्हणाली. "लेकरू आत्ताच निजलंय..."

लेकरू कुठंच दिसत नव्हतं. कादरनं सांगितलं की गाय आमची आहे, घरी पोरगी उपाशी आहे.

"आता न्हाई उपाशी..."

धार थांबली. आम्ही आत शिरलो. गाय होती. बाई नव्हती, भांडंही नव्हतं. गोठ्याला दुसरं दार नव्हतं. मी गाईच्या कासेला हात लावला. कास ओली होती आणि पार रिकामी.

"मार्तंडभाऊ, चला..." कादर म्हणाला आणि त्यानं गाय पुढं घातली.

आम्ही पळालो नाही. पळालो तर मागूनही कुणी पळत येईल, असं वाटत होतं.

घरी शरीफाबी पाळण्यापासून दूर, उंबऱ्यावर बसली होती. पोरगी एकाएकी रडायची थांबली होती. तिच्या ओठांवर दूध होतं.

"कौन पिलाया रे उसको?" शरीफाबीनं हळूच विचारलं. 

कादर गाय घरातच बांधू लागला. तरी दिवेलागणीला कुणी हात न लावता कास सैल पडायची, आणि पोरगी वाटीतल्या दुधाला तोंड लावीना. अखेर त्यानं बिऱ्हाड कळमनुरीला हलवलं, गाय तिथल्या बाजारात विकून टाकली.

पुढं कधीतरी बाजाराला गेलो तेव्हा त्याच्याकडं डोकावलो. आता पोरीला दूध कुणाचं, असं विचारलं. विकत आणतो, तो खाली बघत म्हणाला, पण ती पीत न्हाई. पाण्यालाबी तोंड लावत न्हाई.

शरीफाबीनं पोरगी आणून माझ्या मांडीवर ठेवली. चांगली गुबगुबीत झाली होती. सावरायला मला दोन्ही हात लावावे लागले.