पैलतीर नसलेला पूल

शकुनच्या डोक्यावरची विड्याच्या पानांची टोपली कलंडली आणि देवीदासनं ती वरच्यावर झेलली. झेलली ती झेलली, परत द्यायचं नावच घेईना! अंजनगावच्या नदीवर पूल बांधणारा हा मिस्तरी मोठ्या लढाईत फौजेबरोबर विलायत पाहून आलेला. मग काय, रोज टोपलीला हात लावायला गडी हजर... आणि रोज विलायतेची एक गोष्ट.

त्यातली एक काही केल्या शकुनच्या पचनी पडेना. तिथं म्हणे समुद्रात पाऊण कोस लांब पूल आहे. आधी लाकडाचा, आखूड होता. मग वाढवत नेला, पुढे लोखंडाचा केला. वर छोटी आगगाडीही धावते.

“अन् पल्याड कोन्तं गाव हाय?”

“गाव नाई. पानीच हाय.”

“मंग बांधला काहून?”

“वळख पाहू!” म्हणत देवीदासनं टोपली तिच्या डोक्यावर चढवली. शकुनला कळेना, हा थापाड्या आहे... की आपलंच डोकं फिरलंय?

काम संपत आलं, दोन दिवसांत अकोल्याला जायचं, म्हणून देवीदास मागणी घालायला आला. आणि शहाण्यानं शकुनच्या बापापुढे, भगवंतरावांपुढे, तोच पूल काढला! अर्ध्यात सोडलेल्या पुलाचं कौतुक करणारा संसारही अर्ध्यात सोडेल, म्हणत त्यांनी हात जोडले. पानमळेवाल्याच्या घरून माणूस विड्याविना उठला.

दुसऱ्या दिवशी शकुन पाण्याला गेली. चैत्रातली नदी काठ सोडून पार मधे सरकलेली. बाया तापलेली वाळू तुडवत पाण्याच्या धारेपर्यंत चालल्या होत्या. शकुन थबकली, घागर तिथंच ठेवून पुलाकडे पळाली.

“तुमचा समुद्र आटते का?”

“रोज मांगं सरते, परत येते. काठाले निरा चिखल, बोट येईना. म्हनून पूलच थेट खोल पान्यालोक नेला.”

“अन् पानी परत काहून येते?”

“ते... मलेबी नाई समजलं.”

थापाड्या असता तर लगेच काहीतरी ठोकून दिलं असतं त्यानं. शकुनचा जीव भांड्यात पडला. तिनं तडक घर गाठलं.

“बापू, तो पूल अर्धा नाई. पान्यालोक पोचला, म्हंजे पुरा झाला. मले त्याच्याच घरी जायाचं हाय.”

भगवंतरावांनी डोकं खाजवलं. समुद्र मागं सरतो म्हणजे काय, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पोरीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. त्यांनी पागोटं चढवलं आणि मिस्तरीला अकोल्याच्या गाडीआधी गाठायला निघाले.