ईयाचा चंबू

"हें कोणी केलें? मी विचारतोंय, हें कोणी केलें?"

रघोजीचा आवाज असा कडाडला, की कोल्लैतून, म्हणजे परसातून, केळीची पानं कापून आणणारी राजलक्ष्मी उंबऱ्यावरच थबकली. बाहेरच्या खोलीत चेन्नईहून आलेले कंपनीचे साहेब बसले होते. घरगुती यंत्रांची मोठी एजन्सी रघोजीला द्यायची की नाही, हे आज जेवणानंतर ठरायचं होतं… आणि आत, त्याच कंपनीच्या कोऱ्या करकरीत, बटण फिरवताच आपोआप पेटणाऱ्या शेगडीवर, चांदीसारखा कसलासा रस ओघळून थिजला होता! बर्नरच्या भोकाभोकांत तो शिरला होता, खालच्या चकचकीत पत्र्यावर त्याची थारोळी झाली होती.

राजलक्ष्मीला विचारावं लागलं नाही. फळीवरची चंबूची जागा रिकामी होती.

शुद्ध कथलाचा तो चंबू! तंजावुरात त्याला ईयाचा चंबू म्हणतात. लग्नात आईने दिलेला, तीस वर्षं रोज सकाळी ज्यात सार उकळलं तो. आणि त्याच क्षणी तिला दाराआड उभी असलेली श्रीविद्या दिसली. रघोजीची बारा वर्षांची लेक. तिच्या हातात चिंचेच्या कोळाची वाटी होती आणि ओठांतलं रक्त उतरलं होतं. मोठ्या आईच्या, म्हणजे राजलक्ष्मीच्या, आधी आपण सार करून ठेवायचं, साहेबांच्या जेवणात आपल्या हातचं सार वाढायचं, एवढीच त्या पोरीची हौस! तिने चंबू ठेवला, बटण फिरवलं, आणि मग चिंच कोळायला बसली. सगळं येत होतं तिला. फक्त क्रम चुकला.

आणि राजलक्ष्मीला आठवडाभरापूर्वीचे रघोजीचे शब्द आठवले. "ही पोरगी त्या जुनाट भांड्यांत परत दिसली, तर चेन्नईच्या हॉस्टेलांत टाकीन म्हणून सांगून ठेवतों!" रघोजी बोलला की करीत असे.

"मीं केलें, रघु," राजलक्ष्मी म्हणाली. "चंबू रिकामाच ठेवला आणि पान कापायला गेलें. विसरलें."

"विसरलांत! वैनी, तुम्हांला आजचाच दिवस मिळाला विसरायला?"

दाराआडून "मोठी आई…" असा अर्धवट हुंदका आला. राजलक्ष्मीने तिकडे नुसतं पाहिलं, आणि तो हुंदका तिथेच विरला.

साहेबांना शेवटी हॉटेलातून जेवण आलं. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं सांबार, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं दही, चांदीच्या वर्खासारख्या कागदात गुंडाळलेला भात! परसात केळीची पानं सळसळत असताना साहेब प्लास्टिकच्या ताटात जेवले. आणि जेवण झाल्यावर ते ताट, ते पेले, त्या पिशव्या, सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबून रंजनाने, रघोजीच्या बायकोने, मागच्या ढिगावर भिरकावलं.

तो ढीग! त्याच्याविषयी बोलायचं तर नाकाला पदर लावूनच बोलायला हवं. एके काळी त्या परसात काय नव्हतं? विहीर होती, केळी होत्या, कढीलिंब होता, लिंबू होतं. खरकटं केळीच्या बुंध्याशी जाई, शेगडीची राख भांडी घासायला, नारळाची शेंडी घासणीला आणि झावळीचे हीर केरसुणीला. जुन्या लुगड्याची आधी गोधडी, मग पायपुसणं, मग दिव्याची वात. या घरातून बाहेर टाकायला असं काही निघतच नसे. शिवराज, राजलक्ष्मीचा नवरा, हसून म्हणत असे, "आमच्या घरीं कचरेवाल्याला उपास घडतो!"

शिवराज तरुणपणीच गेला. पाठी राहिल्या सासरच्या चार भिंती आणि सात वर्षांचा पोरका दीर, रघोजी. माहेरच्यांनी परोपरीने बोलावलं. पण त्या पोराने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, आणि ती मूठ काही तिला सोडवली नाही! तिने पापड लाटले, सांडगे वाळवले, लोकांच्या लग्नात भाताच्या हंड्यांशी उभी राहिली, आणि त्या मुठीतल्या पोराला बी. कॉम. केलं. स्वतःचं म्हणून तिने काही मागितलं नाही. तिला लागतच किती होतं!

आणि मग ते दिवस आले… नव्या मालाचे! सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत तंजावुराच्या रस्त्यारस्त्यावर दुकानांच्या काचा चमकू लागल्या. रघोजीनेही दुकान टाकलं. जुनं आणा, नवं न्या! मिक्सर, कुकर, पंखे, टीव्ही. लोक चालती यंत्रं घेऊन येत आणि नवी घेऊन जात, आणि ती चालती यंत्रं कुठे जात? कोल्लैत! दोन-चार सोडून बाकीच्या केळी तोडून तिथे त्या यंत्रांचा डोंगर झाला. त्यावर थर्माकोल, खोकी, पिशव्या. पावसाने सडलेले पुठ्ठे, त्यांत घुशी, घुशींमागे कुत्री. बोअरवेल आल्यावर विहीर कोणालाच नको झाली, आणि एक दिवस राजलक्ष्मीने डोकावून पाहिलं तर पाण्यावर पांढरे ठोकळे तरंगत होते आणि त्यांच्यात एक मेलेली घूस फुगून गोल गोल फिरत होती. ती दिवसभर जेवली नाही. इतकी माणसं, इतकं शिक्षण, इतकी हाव… आणि शेवटी ही घाण! कोणाला वास कसा येत नाही, हेच तिला कळत नसे.

साहेब गेले, एजन्सीही गेली. कोणत्या कारणाने गेली देव जाणे, पण रघोजीने खापर चंबूवर फोडलं.

"बस्स, वैनी! आतां ह्या घरांत जुनें कांही नको. पितळ, ईय, दगडी भांडीं, सगळें उद्यां भंगाराच्या गाडीत जाईल. तुम्ही आतां आराम करा. स्वयंपाक रंजना पाहील."

"आराम?" राजलक्ष्मी हलकेच म्हणाली. "म्हणजे मीही त्या ढिगावर, होय रे?"

रघोजीने जीभ चावली असती, नजर खाली केली असती, तरी ती राहिली असती! पण तो घड्याळाकडे पाहत होता.

तिने दोन लुगडी पिशवीत घातली. श्रीविद्या धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली.

"मी सांगतें अप्पाला! मी केलें म्हणून सांगतें!"

"एक शब्द नाहीं. माझी शपथ आहे तुला. हॉस्टेलांत जायचें आहे काय?"

"मग तुम्ही कां जायचें?"

राजलक्ष्मीने पोरीच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि माहेरगावची, ओरत्तनाडूची बस पकडली.

ओरत्तनाडूला तिच्या दिवंगत आईचं दोन खोल्यांचं घर होतं, मागे कालव्याच्या पाण्यावर जगणारा भाजीचा तुकडा होता, आणि फळीवर आईचा स्वतःचा ईयाचा चंबू, लहानसा, काळवंडलेला, तसाच होता. भेंडी, वांगी, दोन केळी. शेजारच्या घरून ताक, त्यांना हिच्याकडून पापड. तिला काही कमी पडलं नाही. पण पहाटे सार उकळताना वाटी भरून ओतायला समोर कोणी नसे, आणि मग तिला स्वतःचाच राग येई. कसला हा त्याग, कसलं हे मोठेपण! एका पोरीला वाचवायला म्हणून आपण खोटं बोललो, आणि त्या पोरीला त्या उकिरड्याच्या काठी एकटी सोडून आलो… त्या घाणीचा वास इथवर येत नव्हता, तरी तिला तो पानावर बसल्यावर आठवे.

शिवराजच्या श्राद्धाला थोडे दिवस राहिले, तेव्हा रघोजी आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ओट्यावर बसला तो चुळबुळत.

"वैनी, दादाचें श्राद्ध आहे. तुम्ही यायला पाहिजे."

"तुझ्या घरीं रंजना आहे की. आपोआप पेटणारी शेगडी आहे."

"वैनी…" त्याचा आवाज चिरकला. "भटजी म्हणाले, विहिरीचें पाणी पाहिजे. विहिरींत पाहिलें आणि मला शिव्या घालून गेले. विद्या जेवत नाहीं. पाकिटांतली पूड घालून रंजनानें रसम केलें, पोरगी वाटी पालथी करून उठली. घरांत कोणी हसत नाहीं, वैनी."

राजलक्ष्मी उठली. कोणी कसाही वागो, दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं तिला ठाऊक नव्हतं. तिने फळीवरचा चंबू काढला, चुलीवर ठेवला, त्यात चिंचेचं पाणी ओतलं, मीठ-हिंग टाकलं, हाताने चंबू हलवून पाणी तळाला भिडलं की नाही ते पाहिलं, आणि मगच काडी ओढली.

रघोजी बोलत होता. भटजींचं, दुकानाचं, आणि काय काय. बोलता बोलता तो थांबला.

त्याची नजर तिच्या हातावर खिळली होती. तो हात! लहानपणी चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असताना त्याने हा हात रोज पाहिला होता. त्यानेच एकदा विचारलं होतं, आधी पाणी कां, वैनी? आणि ती म्हणाली होती, "ईय फार मऊ असतें, रघु. रिकाम्या पोटीं त्याला आंच सोसत नाहीं. आधी पोटांत कांही घालावें, मग आंच लावावी. तुला नाहीं का मी आधी भरवतें आणि मग शाळेंत धाडतें?"

"वैनी," तो उभा राहिला. "तुम्ही रिकामा चंबू आंचेवर ठेवला म्हणून सांगितलांत. झोपेंत सुद्धां तुमचा हात तें करणार नाहीं! खोटें बोललांत तुम्ही… कोणासाठीं?"

तिने चुलीत लाकूड सारलं.

"विद्या?"

"तूं बाप आहेंस. मला कशाला विचारतोस?"

रघोजी तिच्या पायांशी बसला. मोठा, चष्मेवाला, दुकानाचा मालक रघोजी लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला! "मला तेव्हांच कळायला पाहिजे होतें… मी तुमच्या हाताचें खाऊन वाढलों आणि तुमचा हात ओळखला नाहीं! चला वैनी, पाया पडतों, घरीं चला."

राजलक्ष्मीचं काळीज पाण्याहून पातळ झालं होतं. पण तिने डोळे पुसले आणि म्हटलं, "नाहीं. त्या घरांत माझ्यानें श्वास घेववत नाहीं, रघु. मला किळस येते. तुझ्या भावाचा पिंड त्या घुशींच्या शेजारीं ठेवूं काय? आधी विहीर साफ कर. माणसें लावून नाहीं. तुझ्या हातानें टाकलेंस, तुझ्या हातानें काढ. मग मी येतें."

सार उकळलं. तिने वाटी भरून त्याच्यापुढे ठेवली, आणि तो रडत रडतच प्यायला.

श्राद्धाच्या आधी ती आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिला वास भेटला. कोल्लैत रघोजी दोरीला धरून विहिरीत छातीइतक्या पाण्यात उभा होता. अंगभर काळा चिखल, केसांत थर्माकोलचे दाणे. तो टोपली भरून देई आणि वर पदर खोचून उभी असलेली रंजना ओढून घेई. सडलेल्या पिशव्या, फुटकी बटणं, कुजलेली हाडं… टोपलीमागून टोपली. जुनी यंत्रं भंगाराच्या गाडीवर चढली होती, आणि त्यांच्याखालची जमीन पांढरीफटक पडली होती.

रंजनाने तिला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "अक्का, क्षमा करा. किती धुतले, हातांचा वास जात नाहीं हो!"

"जाईल," राजलक्ष्मी म्हणाली, आणि तिनेही पदर खोचला. "राखेनें घास. सरक, दोरी इकडे दे."

श्रीविद्या धावत आली. तिच्या हातात शाळेचा कंपासचा डबा होता. तिने तो उघडला. आत कथलाचे थेंब होते, चपटे तुकडे होते, एक वेडावाकडा गोळा होता. चंबू वितळला त्याच संध्याकाळी तिने ते सगळं ढिगावरून वेचून आणलं होतं, आणि शेगडीच्या भोकांतलं पिनेने कोरून काढलं होतं.

"मोठी आई, हें पुन्हां होईल?"

"ईय आहे तें, बाळ. होईल की!" राजलक्ष्मीने तिला छातीशी घट्ट धरलं, आणि मग दोघींनाही रडू आवरेना.

ओतकाम करणाऱ्या कारागिराने त्या ईयाचा पुन्हा चंबू ओतून दिला. तो पहिल्यापेक्षा थोडा लहान झाला. काही कथील हरवलं होतं, ते हरवलंच. विहिरीचा वासही अजून पुरता गेला नव्हता, आणि केळींचे कोंब त्या पांढऱ्या जमिनीत धरतील की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीविद्याने तो चंबू शेगडीवर ठेवला. घासून घासून कसाबसा चालता केलेला तोच बर्नर. मागे राजलक्ष्मी उभी होती, दारात रंजना होती. रघोजीला पोरीला मदत करायची घाई झाली होती. त्याने हात पुढे करून बटण धरलं.

श्रीविद्याने बापाच्या हातावर चापट मारली.

"थांबा, अप्पा!" ती म्हणाली. "आधी पाणी."