चेहरा चुकलाय

बसा. पंखा चालू आहे, पण वारा गरमच लागेल. सोलापूरचं ऊन, त्याला पंखा तरी काय करणार. हातातला फोन तेवढा खिशात ठेवा, मग सांगतो.

आमच्या धंद्यात माणूस गेल्याची बातमी आधी आम्हाला कळते, पाहुण्यारावळ्यांना मागून. मी बिभीषण पेंटर. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आले तेव्हा कॉम्प्युटर शिकलो. आता फ्लेक्स लागतात ते पुढाऱ्यांचे. साध्या माणसाचा वाढदिवस असो, बारसं असो की मयत, सगळं व्हॉट्सॲपवर जातं, आणि ते मी फोनवरच्या एका ॲपमध्ये बनवून देतो. हातात ब्रश होता तेव्हा एका माणसाचं तोंड काढायचं म्हणजे दिवसदिवस त्याच्याकडे बघत बसावं लागायचं. आता ॲप स्वतःच चेहरा शोधतं, स्वतःच कापतं, मागे ढग आणि समोर दिवा लावून मोकळं होतं. मी फक्त बोट टेकवायचं. तेवढंही मला धड जमलं नाही.

युवराज माझं जुनं गिऱ्हाईक. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एका सकाळी त्याचा मेसेज आला, ‘काका, वडील गेले. श्रद्धांजलीचं लगेच करून द्या, ग्रुपवर टाकायचंय.’ सोबत त्याच्या लग्नातला फोटो होता. फेटे बांधलेले दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे. खाली लिहिलं होतं, ‘डावीकडचे. नाव रावजी.’

रावजींना मी कधी पाहिलेलं नव्हतं. सांगोल्याकडे जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, म्हातारपणी मुलाकडे शहरात आलेला. फोटोचं त्यांना वावडं होतं. लग्नातला तो एकच फोटो, तोही सुनेनं हट्ट केला म्हणून. हे सगळं मला नंतर कळलं.

ॲपनं दोन्ही चेहऱ्यांभोवती गोल काढले आणि विचारलं, कोणता? माझा चष्मा कपाळावर, गालात पान, आणि एक वाढदिवसवाला समोर उभा राहून घाई करत होता. बोट उजवीकडच्यावर पडलं. ढग आले, दिवा आला, खाली ‘कै. रावजी’ आलं. मी ते युवराजला पाठवलं. त्यानं लगेच अंगठा पाठवला.

लोक नाव वाचत नाहीत. चेहरा बघतात, जोडलेले हात टाकतात आणि पुढे सरकतात. मीही तेच करतो. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला होता. मग युवराजचा फोन आला.

“काका, काय केलंय ह्ये? ह्ये वडील न्हाईत. धोंडप्पा अण्णा हायेत, आमच्या शेजारचे. जित्ते हायेत की वो!”

“अरे, तू बघून अंगठा दिलास ना?”

तो हळूच म्हणाला, “बगितलं न्हाई, काका. लई फोन येत हुते.”

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, चूक माझी आहे. एवढ्या वर्षांचा पेंटर, दुसऱ्याचंच तोंड काढून बसला, असं गावात झालं तर कोण विचारणार मला? मी म्हणालो, “ॲपची गडबड आहे बघ. दुसरा करून देतो. चुकून गेला म्हणून टाक.”

“नगं. बापाचा फोटो न बगताच फिरवला, असं सांगू व्हय लोकास्नी? डिलीट करतो, इसरत्याल समदी.”

मला तेच हवं होतं. त्यानं डिलीट केला, मीही केला, आणि दोघंही गप्प बसलो. चोर चोर मावसभाऊ म्हणतात, ते उगीच नाही.

पाच-सहा दिवस गेले. भर दुपारची वेळ होती. आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं. शेजारचं शटर ओढलेलं, रस्त्यावर उन्हाची नुसती झळ. मी खुर्चीत पेंगत होतो. अचानक नाकात वास आला. ओल्या लोकरीचा. पावसात भिजलेलं घोंगडं दोरीवर टाकल्यावर येतो तसा उग्र. पाऊस तर महिनोन्‌महिने नव्हता. डोळे उघडले, तर काउंटरपलीकडे तो उभा होता. मी ढगांत बसवलेला चेहरा. मिशी तीच, हनुवटीवरचा तीळ तोच.

मी खुर्ची मागे सरकवली. पण लगेच आठवलं, हा माणूस तर जिवंत आहे. धोंडप्पा. भांडायला आलाय. भीती गेली आणि तिच्या जागी लाज आली. मी त्याच्या नजरेला नजर देईना.

“चेहरा चुकलाय,” तो म्हणाला. आवाज फार खालचा, खोल विहिरीतून यावा तसा. “बदल.”

“अण्णा, बसा ना… पाणी देऊ?”

“बदल की.”

बोलताना तो सारखा तोंडाला हात लावून बघत होता. गाल चाचपायचा, मिशी ओढायचा, नवी चप्पल चावत असली की आपण पाय हलवत राहतो तसं.

“अण्णा, ती ॲपची चूक आहे,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा तेच खोटं. “आमच्या हातात काही नसतं हो. आता डिलीट पण केलाय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मंग… ह्योच घिऊन जाऊ व्हय मी?”

टोमणा मारतोय असं वाटलं. मी खाली मान घालून उगीच फोन चाळत बसलो. मान वर केली तेव्हा दारात नुसतं ऊन होतं. लोकरीचा वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मनाला फार लागलं ते. शेवटी दहाव्याच्या आदल्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेतला आणि धोंडप्पांची माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. घर शोधावं लागलं नाही. भाजलेल्या ज्वारीचा खमंग वास गल्लीच्या तोंडालाच येत होता. नवरा-बायको कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात, सगळ्या ऑर्डरी फोनवर घेतात. दारात भाकरीच्या चवडी तशाच पडलेल्या, फडक्याखाली. धोंडप्पांची बायको काशम्मा उंबऱ्यावर बसली होती. मी नाव सांगितलं.

“बर्री पेंटर, या,” ती म्हणाली. “बगा तुमची करणी. सुतकातल्या घरचं अन्न कोण खातंय? माणूस जित्ता हाय म्हणून फोन करून सांगितलं, तर म्हणत्यात, असू द्या अक्का, म्हैनाभर ऱ्हाऊ द्या.”

मी पुडा तसाच हातात धरून उभा राहिलो. “अण्णा दुकानात आले होते. तेव्हा मी नीट बोललो नाही. म्हणून…”

काशम्माचा चेहरा बदलला. “कवा?”

“परवा. दुपारी.”

“ह्येंनी घरचा उंबरा वलांडला न्हाय, ते फोटू आल्यापासनं.”

आतल्या खोलीत धोंडप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगाला ज्वारीच्या पिठाचा वास. लोकरीचा नाही. मी हाक मारल्यावर ते वळले. मिशी तीच होती, तीळही होता. तरी मला ओळख पटेना. जुन्या पाटीवरचा रंग उन्हानं उडून गेलेला असतो, तसं काहीतरी झालं होतं.

“तोंड बधिर पडलंय,” ते ओठ कसेबसे हलवत म्हणाले. “भाकरी चावत न्हाय. फोन पन वळखंना मला.”

काशम्मा माझ्यामागे येऊन कुजबुजली, “मला पन कवाकवा… कळंना कोण हाय ते. माज्या नवऱ्याकडं बगून, पेंटर. काय पाप आलं म्हणावं माज्या नशिबी!”

दुकानात काय घडलं ते मी सगळं सांगितलं. तो वास, ते गाल चाचपणं, ते शब्द. धोंडप्पा डोळे मिटून ऐकत होते.

“रावजी आलाय त्यो,” ते म्हणाले. “त्येच्या नावावर माजं तोंड लावलंस तू. उद्या कावळा शिवला की त्यो जाईल. ज्ये अंगावर हाय त्ये घिऊनच जाईल की. त्येच्या आदी सांग, पेंटर. समद्यांम्होरं सांग, चुकी तुजी हाय म्हणून. रावजी लई शाणा माणूस, ऐकंल.”

मी व्हय म्हणालो. पण घरी येताना वाटेत दुसराच विचार डोक्यात आला. गुपचूप बरोबर फोटो करावा, युवराजला द्यावा, म्हणजे चारचौघांत तोंड काळं करायची वेळ यायची नाही. बघा, तेव्हासुद्धा मला माझ्याच तोंडाची पडली होती. मी लग्नातला मूळ फोटो उघडला. ॲपनं एकच गोल काढला, उजवीकडे. डावीकडे फेटा होता, सदरा होता. मधल्या जागेवर ओला अंगठा फिरवल्यासारखं पुसट झालेलं. ॲप सांगत होतं, चेहरा सापडला नाही.

दहाव्याला सगळे सीना नदीच्या काठी जमले. युवराजनं मुंडण केलेलं, त्याची बायको रुपाली पिंडाजवळ ताट घेऊन उभी. मी मागे, बाभळीच्या बुंध्याशी. पिंड ठेवले, लोक बाजूला सरले. कावळे भरपूर होते. बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एकही ओरडत नव्हता. पिंडाकडे एकाचीही मान वळत नव्हती.

युवराज हात जोडून म्हणाला, “गावची मेंढरं इकनार न्हाय, बापू.” कावळे हलले नाहीत. “घोंगडं तुमचं जपून ठेवतो.” काही नाही. ऊन चढत चाललं. जोडलेल्या हातांखाली लोक फोन बघायला लागले. मग एक म्हातारा पाहुणा म्हणाला, “किती वाट बगायची? दर्भाचा कावळा करून शिववा आन्‌ मोकळं व्हा.”

गुरुजींनी दर्भ हातात घेतला. आता दर्भ शिवणार, रावजी जाणार, आणि तिकडे ज्वारीचा वास येणाऱ्या खोलीत भिंतीकडे वळलेला तो माणूस… पाय आपोआप पुढे गेले.

“थांबा,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. ॲपची नाही, युवराजची नाही. मी न बघता बोट लावलं आणि नंतर खोटं बोललो. रावजीदादांच्या नावावर मी दुसऱ्याचा चेहरा लावला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. कान तापले होते, भुई दुभंगली तर बरं असं वाटत होतं. युवराजनं मान खाली घातली. मग मी पिंडासमोर गुडघे टेकले. तिथं लोक जसं बोलतात तसंच बोललो, जास्त विचार केला नाही.

“दादा, त्या माणसाचं त्याला परत द्या. तुम्हाला जे लागेल ते माझ्याकडनं घ्या.”

पहिला कावळा माझ्या खांद्याला पंख घासून खाली आला. मग सगळेच आले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी तरी माझी पाठ थोपटली. तेवढ्यात काशम्माचा फोन आला. ती रडतही होती आणि हसतही होती. धोंडप्पांनी उठून कडक भाकरी मोडली, चटणीला लावून खाल्ली आणि वर दूध मागितलं. मी तिथंच वाळूत बसून रडलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

उठून हात धुवायला नदीकडे निघालो. समोरून रुपाली ताट घेऊन येत होती. उन्हात तिचा पदर खांद्यावर घसरलेला. मला बघितलं आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं. तिनं घाईनं पदर डोक्यावर ओढला, तोंड वळवलं आणि वाट सोडून खाली बघत उभी राहिली. आमच्याकडे सून अशी फक्त सासऱ्यासमोर उभी राहते. “काय झालं गं?” मी विचारलं.

“अगं, पेंटरकाका हायेत,” युवराज मागून म्हणाला. तो माझ्या पाठीमागे होता. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

“आवाज पेंटरकाकांचाच हाय…” ती मान वर न करता पुटपुटली. “पन…”

मी थांबलो नाही. नदीकडेही गेलो नाही, पाण्यात बघायची हिंमत नव्हती. तोंडावर उपरणं टाकून तडक दुकानात आलो तो इथंच आहे. घरून बायकोचे फोन येतात, तिला सांगतो काम आहे, येतो. आवाज ऐकून ती गप्प बसते. तोंड दाखवायला जागा नाही असं लोक सहज म्हणतात, मीही म्हणायचो.

ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मी आत जातो. तुमचं बरं आहे. तुम्ही आजच पहिल्यांदा आलात, मला आधी कधी पाहिलेलं नाही, म्हणून तर तुमच्यासमोर बसून एवढं बोलता आलं.