वीणा खाली ठेवायची नाही

समुद्र पाहायची ओढ अर्जुनरावांना नव्हती. ती पंचफुलाबाईंना होती. त्या मागच्या फाल्गुनात गेल्या आणि ओढ तेवढी नवऱ्याकडे ठेवून गेल्या.

अमडापूरच्या सप्ताहात अर्जुनराव तीस वर्षं वीणेकरी. धाडला कीर्तन असो की हिवरा आश्रमाला, ते सायकलनंच जायचे. मागे कॅरिअरवर चौघडी गोधडी, तिच्यावर पंचफुलाबाई आणि त्यांच्या मांडीवर वीणा. तिची गवसणी त्यांनीच शिवलेली, तारा त्यांच्याच पदरानं पुसलेल्या. बुवांनी निरूपणात सागराचा दृष्टांत दिला, की परतीच्या वाटेवर त्यांचं ठरलेलं, "एवढं पानी एका जागी राहत कसं असन हो?"

एकदा कोकणातले एक बुवा कीर्तनाला आले. त्यांना ही हौस कळली. "माई," ते म्हणाले, "आमचं विठ्ठलमंदिर खाडीच्या तोंडावर आहे. पायरीपर्यंत लाटा येतात. यजमानांना घेऊन या, त्या दिवशी वीणा तुमच्या गळ्यात." जाणं राहून गेलं. म्हणून वर्षश्राद्ध झाल्यावर अर्जुनराव निघाले. सोबत मुलगी प्रतीक्षा, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. आणि धाडचा सायकलमिस्त्री फहीम. सायकली बिघडल्या तर मिस्त्री सोबत असू द्या, असं तो म्हणाला होता, पण काकांना असं जाऊ देणं त्याच्या जिवाला पटत नव्हतं, एवढंच खरं.

पिकअपमध्ये सायकली टाकून त्यांनी कोकण गाठलं. शेवटचे पस्तीस किलोमीटर सायकलीवर. सकाळी अंघोळ करून अर्जुनरावांनी वीणा गळ्यात घेतली. नेम साधा होता. गळ्यात घेतलेली वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. उतरवायची ती दुसऱ्याच्या गळ्यात, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. देवळात कीर्तन सहाला उभं राहणार होतं.

सुरूचं बन संपलं आणि समुद्र एकदम समोर आला. आभाळाच्या टोकापर्यंत पाणी, काठाकाठानं पांढऱ्या लाटा, आणि त्याचा तो गंभीर, न थांबणारा घोष. अर्जुनरावांनी ब्रेक दाबले, मागं वळून म्हणाले, "पाह्यलं का..."

कॅरिअरवर गोधडी होती.

दुपार झाली आणि वारा उठला. समुद्रावरून आडवा यायचा, वाळू गालाला टोचायची. सायकल सरळ ठेवली तरी रस्त्याच्या कडेला जायची. त्यात गळ्यात वीणा! वारा तिचा भोपळा धरून ओढू लागला.

"बाबा, घडीभर मले द्या," प्रतीक्षा म्हणाली.

"आपल्याकडं बाईच्या गळ्यात देत नाहीत, पोरी."

"आईनं तीस वर्षं मांडीवर वागवली, ते चाललं?"

अर्जुनरावांनी पायडल जोरात मारलं. मागून फहीम म्हणाला, "मंग माह्या गळ्यात टाका, काका. धाडच्या बजारात काय सांगाचं, ते पाहू नंतर."

काका हसले. वीणा मात्र दिली नाही.

साडेचारला खाडीचा बांध लागला. दीड किलोमीटर लांब, जेमतेम बैलगाडीएवढा रुंद. डावीकडे खाडीचं पाणी, उजवीकडे चिखल, कठडा नाही. फहीम खाली उतरला. "इथून पायीच, काका."

अर्धा बांध ते पायी चालले. पलीकडच्या तीरावर देवळाचं शिखर दिसू लागलं, आणि अर्जुनरावांना धीर धरवेना. "असंच चाललो तं कीर्तन उभं राहून जाईन," म्हणत ते सायकलवर बसले.

दहा पायडलं मारली असतील. वाऱ्याचा लोट आला. पुढचं चाक उचललं. सायकल कलली. जो हात टेकवायचा, तो वीणेला गेला. दुसराही गेला! दोन्ही हातांनी वीणा डोक्यावर धरून ते खांद्यावर दगडात आपटले आणि पाण्याच्या बाजूनं घसरले. फहीमनं झेप घेतली. सदरा हाती आला, मग वीणेचा पट्टा. "सोडा ते वीणा, हात द्या मले!"

"वीणा धर आधी."

प्रतीक्षा पोटावर पडली, तिनं भोपळ्याखाली तळवे लावले. दोघांनी त्यांना वर ओढलं. सायकल दगडांत अडकली होती, पण गोधडी सुटून पाण्यात पडली होती. ओहोटी लागलेली. गोधडी हळूहळू खाडीच्या तोंडाकडे, मोठ्या पाण्याकडे चालली. तिघंही बघत राहिले.

बांध संपवून होडीच्या धक्क्यावर पोचले तेव्हा लाल बावटा लागला होता. देवळाकडे नेणारी तर, ती मोठी होडी, बंद.

"वारा पडेपर्यंत काय नाय," तरीवाला म्हणाला. मग गळ्यातली वीणा, लोंबता खांदा बघून त्याचा आवाज खाली आला. "माझी लहान होडी हाय. एकट्याला नेऊन बघतो. पण हमी देत नाय."

पलीकडे समई लागली होती. अर्जुनरावांनी देवळाकडे पाहिलं, मग मागच्या दोघांकडे.

"नको," ते म्हणाले. "हे मले एकट्याले जाऊ देणार नाहीत. अन् या दोघायले त्या होडीत मी बसवत नाही."

सहाला टाळ सुरू झाले. वाऱ्यातून तुटक तुटक ऐकू यायचे. अर्जुनराव तिथंच, धक्क्यावर, वीणा घेऊन उभे राहिले. खांदा भरून आला होता. भोपळा खाली येत येत फरशीपासून वीतभर राहिला. फहीम पुढे झाला.

"प्रतीक्षा," अर्जुनराव म्हणाले, "इकडं ये."

एका हातानं त्यांनी पट्टा मानेवरून काढला आणि तिच्या गळ्यात घातला. मग फहीमचा आधार घेऊन वाकले. ती मागे सरली.

"बाबा, माह्या पाया नका पडू."

"नेम हाये. तुह्या आईच्या पडाचे होते. राह्यले."

ती थांबली. त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि रीतीप्रमाणे तीही वाकली, वीणा सांभाळत. मग तिनं तार छेडली. वारा समोरून होता. पलीकडे आवाज पोचणार नव्हता. तो मागे, जमिनीकडे, अमडापूरच्या दिशेनं निघाला.

अर्जुनराव धक्क्याच्या पायरीवर बसले. पाणी अजून ओसरत होतं. गोधडी कधीच दिसेनाशी झाली होती.

"राहत नाही वं," ते पाण्याकडे पाहत हळूच म्हणाले. "एका जागी राहतच नाही."