मिस ऑर्फाचा विस्तव

फायरप्लेसमध्ये गॅसचे ओंडके, म्हणजे लाकडासारखा दिसणारा गॅसचा हीटर, बसवायचे तर आधी राख काढावी लागते. लोकांना वाटतं, मी येणार, पाइप जोडणार, खटका दाबणार आणि ज्योत लागणार. खरं तर निम्मं काम झाडूचं असतं. एलिझाबेथ्टन गावाच्या आसपासच्या इतक्या घरांची राख मी आजवर उपसली आहे, की माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला पहिल्या वळणावरच शिंक येते. माझं नाव ट्वायला एस्टेप. नवरा नाही, कुत्रा आहे, आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची सवय नाही.

स्टोनी क्रीक ओढ्याकाठचा रस्ता वर जाता जाता अरुंद होतो आणि हॉल्स्टन डोंगराच्या सावलीत शिरतो. नोव्हेंबरात तिथे दुपार कलली की दिवे लावावे लागतात. मिस ऑर्फा ब्लेव्हिन्सचं घर त्या रस्त्यावरचं शेवटचं; आमच्याकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही आदराने मिसच म्हणतात. मधली खोली जुन्या तासलेल्या लाकडांची, आणि बाकीच्या खोल्या तिच्याभोवती जमतील तशा वाढलेल्या. धुरांडं नदीतल्या गोट्यांचं. बाहेर तंबाखूचं रिकामं कोठार होतं आणि त्याच्या कडेला गॅसची नवी पांढरी टाकी, जी त्या परसात अगदी पाहुण्यासारखी दिसत होती.

मंगळवारी मी गेले तेव्हा मिस ऑर्फाने चालताना धरायची चौकट पुढे सरकवत दार उघडलं. वय ऐंशीच्या पुढे, अंगात नवऱ्याचा स्वेटर.

"तुला पाठवलंय होय? मला वाटलं, कुणी बाप्या येईल."

"बाप्या हवा असेल तर थांबावं लागेल, मिस ऑर्फा. सगळे हरणं मारायला गेलेत."

ती हसली आणि बाजूला झाली. मला ती तिथेच आवडली.

भानगड साधी होती. गेल्या हिवाळ्यात लाकडांचा भारा आणताना ती पायरीवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी ग्वेन लांब शहरात, नॉक्सव्हिलला असते. ग्वेनने सांगून टाकलं होतं, की एक तर गॅस, नाही तर नॉक्सव्हिल. रविवारी येईन, तेव्हा आग बिनघोर चालू दिसली तर आई राहील. नाही दिसली, तर आईची बॅग गाडीत. मिस ऑर्फाने हे सगळं मला मक्याचा ब्रेड कापता कापता सांगितलं आणि सुरी खाली ठेवून म्हणाली, "मी तिथे गेले की महिन्याभरात मरेन. रडगाणं नाही हे, तुला कामाची निकड कळावी म्हणून सांगते."

मला निकड कळली. मी गुडघ्यांवर बसून राख उपसायला लागले, तर खाली निखारे. लालबुंद, ताजे.

"आज आग लावू नका म्हणून फोनवर सांगितलं होतं ना?"

"लावली नाहीच. ती विझतच नाही," मिस ऑर्फा म्हणाली. "हॉबर्टचा पणजोबा लोखंडी हंडीत निखारे घालून डोंगरापलीकडून आला. त्याचाच विस्तव आहे हा. ब्लेव्हिन्सांच्या घरात निजायच्या आधी विस्तव राखेत झाकायचा आणि सकाळी फुंकून उठवायचा. हॉबर्ट गेला त्या रात्रीसुद्धा त्याने तो झाकला, मग खुर्चीत बसला, तो उठला नाही."

हॉबर्ट म्हणजे तिचा नवरा. खुर्ची आगीच्या डाव्या हाताला होती, तपकिरी कातड्याची, मधोमध खड्डा पडलेली.

"जिवंत निखाऱ्यांवर मी गॅस बसवला, तर आपण दोघी धुरांड्यातून बाहेर जाऊ."

मिस ऑर्फाने हात पुढे करून त्या लाल ठिपक्यांची ऊब घेतली. मग म्हणाली, "काढ. पण पाणी ओतू नकोस."

मी पाणी ओतलं नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे, निखारे पत्र्याच्या बादलीत भरायचे, झाकण गच्च बसवायचं आणि बादली घरापासून लांब, खडीवर ठेवायची. हवा मिळाली नाही की विस्तव आपोआप मरतो. मी तसंच केलं. बादली मांसाला धुरी द्यायच्या खोपटामागे ठेवली, झाकणावर बुटाची टाच मारली आणि ती विसरून गेले.

ओंडके छान बसले. ते चिनीमातीचे असतात, सालीसकट घडवलेले, आणि प्रत्येकाला खालच्या जाळीवर ठरलेली जागा असते. एक बोटभर सरकला तरी ज्योत त्याच्यावर आपटते आणि काजळी धरते. पुढे मी लोकरीसारखे नकली निखारे पसरले. कोपऱ्यात पायलट, म्हणजे कायम तेवणारी निळी ज्योत. या जातीच्या हीटरचा धूर बाहेर जात नाही, म्हणून पायलटलाच पहारेकरी नेमलेलं असतं. खोलीतला प्राणवायू कमी झाला की ती स्वतःहून विझते आणि गॅस बंद करते. म्हणून खिडकी दोन बोटं वर उचलून ठेवायची. मिस ऑर्फाला मी हे दोनदा सांगितलं. तिने दोनदा मान हलवली, आणि मी खूश होऊन घरी गेले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ट्वायला, तुझी आग मेली."

दुसऱ्या दिवशी मी पायलटची नळी फुंकून साफ केली. गॅसच्या वासाला कोळी येतात आणि नळीत जाळं करतात, निम्म्या तक्रारी त्याच असतात. कोळी नव्हता. गॅसचा दाब बरोबर होता. विषारी वायूचा भोंगा गप्प होता. मी होते तोवर ओंडके धडधडून जळले. अंधारून आलं आणि आग पुन्हा गेली.

मग मी त्याच संध्याकाळी पायलट बदलली. तीही विझली. गुरुवारी सगळा संच उचलून मी काम करते त्या दुकानात नेला, तिथे तो सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत जळला, इतका की मालक म्हणाला, "ट्वायला, याच्यावर मका भाजणार आहेस का?" परत आणून बसवला. रात्री मिस ऑर्फा जेवायला बसली आणि तो विझला.

या टप्प्यावर दुसरं कोणी असतं तर पैसे परत देऊन मोकळं झालं असतं. मला राग आला होता. चिनीमातीच्या पाच ओंडक्यांपुढे हार मानायची माझी तयारी नव्हती.

शुक्रवारी मी गेले तर ओंडके हलवलेले होते.

पुढचे दोन एकमेकांना चिकटवून मागे ढकललेले, आणि त्यांच्यावर सगळे नकली निखारे नीट, हाताने थापल्यासारखे रचलेले. पायलट त्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती.

"मिस ऑर्फा, याला हात लावायचा नसतो."

"पोरी, मला माझे मोजे घालता येत नाहीत. मी तिथवर वाकेन होय?"

"मग कोणी केलं?"

ती ढिगाऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळख होती. "असाच झाकायचा हॉबर्ट," ती म्हणाली. "डावीकडून."

तेवढ्यात ग्वेनचा फोन आला. मिस ऑर्फाने तो मला दिला.

"लागली का आग?" ग्वेनने विचारलं.

"लागेल."

"बाई, तुम्ही चार दिवस हेच म्हणताय. मी आईची खोली तयार केलीय. उगाच तिला आशेला लावू नका."

"रविवारी ये," मी म्हटलं. "आल्यावर कोट काढून ठेवावा लागेल, इतकं गरम असेल." फोन ठेवला तेव्हा मिस ऑर्फा माझ्याकडे अशी बघत होती, की मला माझ्याच तोंडाची धास्ती वाटली.

शनिवारी दुपारी मी हवेतला प्राणवायू मोजायचं यंत्र घेऊन आले. सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं, खिडकी दोन बोटं उघडी ठेवली, आग पेटवली, यंत्र मांडीवर घेतलं आणि मिस ऑर्फाच्या शेजारी बसले. आकडा जसा असायला हवा तसा होता. तिने घेवड्याचे दाणे आणि कांदा वाढला. आम्ही बोललो, कुत्र्यांबद्दल, ग्वेनच्या नवऱ्याबद्दल, तो बिनकामाचा आहे याबद्दल. डोंगराची सावली परसातून चढत पोर्चवर आली.

आकडा उतरायला लागला.

मी यंत्रावर टिचकी मारली. तो आणखी उतरला. त्या मोठ्या खोलीत दोन बायका आणि एक उघडी खिडकी. इतक्या लवकर असं होऊच शकत नाही. एवढी हवा संपवायला ती खोली माणसांनी भरलेली असायला हवी होती, जत्रेतल्या तंबूसारखी.

"तुला कोंदटल्यासारखं होतंय का?" मिस ऑर्फाने हळूच विचारलं.

"हो."

"मलाही. रोज होतं."

खिडकीची काच आतून वाफेने धुरकट व्हायला लागली होती. सगळी नाही. हॉबर्टच्या खुर्चीशेजारचीच, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. धुरकट डाग वाढायचा, थोडा आटायचा, पुन्हा वाढायचा.

पायलट पिवळी झाली. जागेवरून उचलली गेली, आणि विझली.

यंत्र किंचाळायला लागलं. मी मिस ऑर्फाला काखेत धरून पोर्चवर आणलं. बाहेरची गार हवा मी छाती भरून घेतली. मी घाबरले होते. तसं सांगायला मला लाज वाटत नाही.

"ट्वायला," मिस ऑर्फा म्हणाली, "ते निखारे कुठे टाकलेस?"

"टाकले नाहीत. बादलीत आहेत."

"उघड्या?"

"झाकण लावून."

तिने माझा दंड पकडला. त्या म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "गच्च?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही.

खोपटामागे खडीवर पांढरं दहिवर पडलं होतं. बादलीवर नव्हतं. भोवती हातभर खडी कोरडी होती. मंगळवारपासून ती बादली तिथे होती.

मी झाकण ओढलं. निघेना. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं बसलं होतं. मी बादली गुडघ्यांत पकडली, पक्कड घातली आणि जिवाच्या आकांताने ओढलं.

झाकण सुटलं आणि हवा आत गेली. लांब, खोल, घरघरत. ती जातच राहिली. बादली केवढी, आणि हवा किती वेळ जात होती.

मग निखारे लाल झाले.

राखेत विस्तव टिकतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. हवेशिवाय टिकत नाही, हेही सांगते. मी बादली उचलून घरात नेली.

मिस ऑर्फा माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि तिथे आपल्या चालायच्या चौकटीवर रेलून उभी राहिली. मी चिमट्याने एक निखारा उचलला, पायलटच्या तोंडाशी धरला, गॅसचा खटका दाबला आणि फुंकर घातली. असं कोणी पेटवत नाही. हे पाहिलं असतं तर मालकाने मला कामावरून काढलं असतं.

ज्योत लागली.

मी खटका दाबून धरला, मग सोडला. ती तेवत राहिली. खाली पडलेल्या यंत्राचा आकडा चढला आणि जिथे असायला हवा तिथे येऊन थांबला. काच निवळली. उरलेले निखारे मिस ऑर्फाने मला जाळीखाली, मागच्या बाजूला राखेत ठेवायला लावले. मी ठेवले. का ठेवले, ते मला विचारू नका.

रविवारी ग्वेन आली आणि तिने कोट काढून ठेवला. आईची बॅग घरातच राहिली. निघताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "काय बिघडलं होतं?"

"हवा मिळत नव्हती," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये मी तपासणीला गेले. क्रीकच्या काठाने रेडबडची झाडं गुलाबी फुलली होती. हिवाळा कडक गेला होता, शेजारपाजारच्यांच्या टाक्या दोनदा भरून झाल्या होत्या. मिस ऑर्फा पोर्चवर उभी होती, चालायची चौकट न धरता, गाल लाल. "एकदाही विझली नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही, पोरी."

सवयीने मी आधी टाकीचं झाकण उचलून काटा बघितला. नोव्हेंबरात मी तो जिथे पाहिला होता, तिथेच होता.

मी काचेवर टिचकी मारली. काटा मोकळा होता, चांगला होता. टाकी भरलेली होती. मी मुख्य चावी फिरवून गॅस पूर्ण बंद केला आणि आत गेले.

ओंडके जळत होते.

मी तिथे उभी राहिले. ज्योती निळ्या नव्हत्या. मागचा ओंडका निम्मा उरला होता, कडा झिजून करड्या पडलेल्या, आणि त्याच्याखाली राख होती, मऊ, डावीकडून थापलेली. चिनीमाती जळत नाही.

"त्याने रात्री नीट झाकलीय," मिस ऑर्फा मागून म्हणाली. आवाजात समाधान होतं, आणि एक विनवणीही. "ट्वायला, ग्वेनला..."

माझ्या खिशातला फोन वाजला. ग्वेनच होती. "तपासलंत का? सगळं ठीक आहे ना? काही असेल तर सांगा, मी आजच तिला घेऊन जाते."

मी मिस ऑर्फाकडे पाहिलं. मग खिडक्यांकडे. आता धुरकट काच एकच नव्हती. खोलीतली प्रत्येक काच धुरकट होती, उंच माणसांच्या उंचीवर, खुर्चीच्या उंचीवर, आणि खाली, लहान पोराच्या उंचीवरही. सगळे डाग श्वासागणिक एकदम वाढायचे, एकदम आटायचे.

"छान चाललंय," मी म्हटलं. "काळजी करू नकोस."

फोन ठेवला, हत्यारं गोळा केली, आणि निघण्याआधी खिडकी आणखी चार बोटं वर उचलली.